करामत विकावयास बसली आहे!

शुक्रवार पेठ, सोलापूर.

आमच्या आळींत एका मोमीन विणकराचें घर आहे. बाप टॉवेलाच्या मागावर जातो, आई विड्या वळते, आणि थोरल्या पोराला फेपरें येतें. गेल्या पावसाळ्यांत त्यांना कोणी एक बाबा भेटला. त्यानें लिंबू कापून लाल पाणी काढून दाखविलें, "पोराला जिन्न लागला आहे, अकरा जुमेराती यावें लागेल" असें बजावलें आणि दर खेपेस पैसे मोजून घेतले. वर दवाखान्याची गोळी बंद करावयास सांगितली! चौथ्या आठवड्यांत पोर चुलीपाशीं फेपरें येऊन पडलें आणि त्याचा हात भाजला. आम्हीं विचारलें, "भाभी, हें काय केलेंत?" ती माउली म्हणाली, "भाऊ, वलींची करामत आमच्या धर्मांत आहे. न मानावी तर पाप लागेल."

ह्या एका वाक्यावर त्या बाबाचें दुकान चाललें आहे, म्हणून आज तेंच धरून बसतों. (लिंबाची गोष्ट सोपी आहे. सुरीला रंग लावून ठेवावा, तो लिंबाच्या आंबटानें लाल होतो.)

करामत इस्लामांत आहे, हें खरें. मोतझिला नांवाच्या जुन्या तर्कवाद्यांनीं ती नाकारली होती. सुन्नी पंडितांनीं मानली. परंतु मानतांना तिला कोणतें कुंपण घातलें, तें हा बाबा सांगत नाहीं. पैगंबराच्या हातून घडे तो मोजिझा. तो त्याच्या पैगंबरीची साक्ष, म्हणून उघड. वलीच्या हातून घडे ती करामत. तिची दवंडी पिटावयाची नाहीं, ती झांकावयाची. दुराचाऱ्याच्या हातून कांहीं अद्भुत घडलें तर तो इस्तिद्राज, म्हणजे देवानें त्याला बुडावयासाठीं सैल सोडलेला दोर! आणि जादूटोणा म्हणजे सिहर. तो तर महापापांत मोजला आहे. ध्यानांत कोणाला कांहीं दिसलें, तरी तें ज्याचें त्यापाशीं. दुसऱ्यावर त्याची सक्ति नाहीं. आतां सांगा, अकरा आठवड्यांचा भाव ठरवून करामत दाखविणारा ह्यांत कोठें बसतो? त्याला खोटा ठरविण्यास आम्हां सत्यशोधकांची गरजच नाहीं. त्याचेंच शास्त्र पुरें आहे.

मक्केचे लोक पैगंबरांस म्हणत, जमिनींतून झरा फोडून दाखव, आभाळांत चढून दाखव. त्यावर त्यांनीं काय सांगावें तें कुराणांतच आहे: आपण निरोप घेऊन आलेला माणूस आहों, एवढेंच. पुढें इ. स. ६३२ सालीं त्यांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला, आणि त्याच दिवशीं सूर्याला ग्रहण लागलें. लोक म्हणूं लागले, पोराच्या दुःखानें सूर्य काळवंडला. केवढी आयती संधि! ग्रहणाची दक्षिणा गोळा करणाऱ्या आमच्या भटजीला ती मिळती तर सात पिढ्यांची ददात मिटती. पण पुत्रशोकांत बुडालेल्या त्या बापानें लोकांना सांगितलें कीं, सूर्यचंद्र कोणाच्या मरण्याजगण्यासाठीं ग्रासत नाहींत. जोतीरावांनीं त्यांच्यावर काव्य रचिलें, त्याचें नांव 'मानव महंमद'. मानव हा शब्द त्यांनीं उगीच घातला नाहीं.

बरें, सूफींचें तरी काय? दिल्लीचे निजामुद्दीन अवलिया १३२५ सालीं वारले. ते शिष्यांना समजावीत कीं ह्या वाटेवर शंभर मुक्काम आहेत आणि करामत हा सतरावा. तेथेंच जो रमला तो उरलेले त्र्याऐंशीं केव्हां चालणार? आणि मराठी मुलुखांत श्रीगोंद्याचे शेख महंमद झाले. कादरी पंथाचा हा पुरुष. १६४५ सालीं मराठींत 'योगसंग्राम' लिहून गेला. भोंदू गुरूंवर त्यानें जे कोरडे ओढले आहेत, ते त्याला नवस बोलणाऱ्यांनीं एकदां वाचावे.

हें वाचून आमच्या हिंदु वाचकांनीं गालांत हसूं नये. त्याच बाबाच्या दारांत आमच्या आयाबहिणींची रांग होती! बाराव्या शतकांत सिद्धरामांनीं ह्या सोलापुरांत तळें खोदविलें, तें मंत्रानें नव्हे, माणसांच्या कुदळीनें आणि पाटीनें. त्या कुदळीला कोणी हार घालीत नाहीं.

हमीद दलवाईंनीं १९७० सालीं पुण्यांत मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलें, तेव्हां त्यांना घरच्यांपेक्षां परके जवळचे म्हणून हिणविणारे पुष्कळ निघाले. आज तर सरकारी कायदाच आहे. २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदा चमत्कार दाखवून पैसे उकळणाऱ्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद सांगतो, मग तो भगवा असो कीं हिरवा. आणि फेपरें हा मेंदूचा आजार आहे. गोळी न चुकतां घेतली तर दहांपैकीं सात जणांपर्यंत त्याचे झटके थांबूं शकतात. औषध करा, असें पैगंबरांनींही सांगितलें आहे. तेव्हां गोळी घेतल्यानें भाभीला कोणतें पाप लागणार?

पोराची गोळी पुन्हां सुरू झाली आहे. हाताचा फोड सुकत आला. बाबानें मात्र जागा बदलली. नवी जागा आम्हांला कळली आहे. येत्या गुरुवारीं, म्हणजे त्याच्या जुमेरातीला, आळींतले आम्ही चौघे त्या मुलाच्या बापाला घेऊन पैसे परत मागावयास जाणार आहों. तेथें न मिळाले तर तेथून थेट पोलिस चौकींत. ज्यांचे ज्यांचे गेले असतील त्यांनीं यावें. पावती नसली तरी चालेल. बाबा पावती देत नाहीं.