मिठागरातील अदृश्य धन

कोविडच्या साथीत ‘आरटी-पीसीआर’ हा शब्द घरोघरी पोहोचला. या तंत्रामागे अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा एक उष्ण झरा आहे, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानी आले नाही. १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांना तेथे सुमारे ७० अंश सेल्सिअस तापमानात वाढणारा जीवाणू सापडला. पीसीआरमध्ये डीएनए वारंवार तापवावा लागतो आणि त्यात साधे विकर नष्ट होते. या जीवाणूचे विकर टिकते. म्हणूनच ते तंत्र सोपे आणि सर्वत्र वापरण्याजोगे झाले. १९९१ मध्ये त्याचे हक्क ३० कोटी डॉलरना विकले गेले. उद्यानाच्या वाट्याला त्यातील काहीही आले नाही.

गोव्याने या घटनेकडे आपल्या मिठागरांच्या संदर्भात पाहायला हवे. खाडीचे पाणी वाफ्यावाफ्यांतून फिरवत आटवले की त्यातील क्षार समुद्राच्या कितीतरी पट होतो. एप्रिल-मे महिन्यांत शेवटच्या वाफ्यांतील पाण्यावर येणारी लालसर झाक प्रामुख्याने क्षारप्रिय सूक्ष्मजीवांची असते. त्यांची विकरे अतिखारट पाण्यातही काम करतात. औद्योगिक प्रक्रिया आणि खारट सांडपाण्याचे शुद्धीकरण यांसाठी त्यांचे मोल मोठे आहे. रायबंदरच्या मिठागरांतील अशा जीवांवर गोवा विद्यापीठात संशोधनही झाले आहे.

परंतु ही सृष्टी केवळ निसर्गाची देणगी नाही, ती माणसाच्या श्रमांवर तगलेली आहे. पावसाळ्यात मिठागरे पाण्याखाली जातात. पुढे बांध दुरुस्त होऊन पाणी आटू लागले की मिठाच्या कणांत आणि चिखलात तग धरून राहिलेले जीव पुन्हा वाढतात. बांध फुटून मिठागर कायमचे सुटले, तर तेथे भरती-ओहोटीचे पाणी खेळू लागते आणि अतिक्षार लागणाऱ्या या पेशी अशा पाण्यात फुटून जातात. स्वस्त परप्रांतीय मीठ, मजुरांची टंचाई आणि अवकाळी पाऊस यांमुळे अनेक आगरे अशीच ओस पडली आहेत.

नमुने प्रयोगशाळेत जपता येतील, हा युक्तिवाद अपुरा आहे. निसर्गातील बहुसंख्य सूक्ष्मजीव अजून प्रयोगशाळेत वाढवता आलेले नाहीत. जे ओळखलेच नाही, ते जपणार कसे?

२००२ च्या जैवविविधता कायद्याने सूक्ष्मजीवांनाही जैविक संसाधन मानले असून लाभवाटपाची तरतूद केली आहे. मात्र हक्क सांगण्यासाठी आधी नोंद हवी. पंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवहीत मिठागरांचा समावेश त्यांतील सूक्ष्मजीवांसह करावा आणि विद्यापीठाने त्यांना साहाय्य करावे. सरकारनेही बांधदुरुस्तीचे साहाय्य केवळ मिठाच्या उत्पन्नाच्या तराजूत तोलू नये. मिठाला मिळणारा भाव आगर राखायला पुरत नसेल, तर त्या आगराने जपलेल्या जीवसृष्टीचे मोलही मीठ पिकवणाऱ्याच्या हाती पडले पाहिजे. अन्यथा यलोस्टोनला किमान झरा तरी उरला, गोव्याकडे तोही उरणार नाही.