राजापूरचा कौल आणि व्यक्तिपूजेचा आक्षेप

राजापूर लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत, म्हणजे लोकसंख्येनुसार मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या तेव्हा, संपुष्टात आला. बॅरिस्टर नाथ पै १९५७, १९६२ व १९६७ मध्ये, तर प्रा. मधु दंडवते १९७१ पासून १९८९ पर्यंत सलग पाच वेळा तेथून निवडून आले; यावरून दक्षिण कोकणच्या मतदाराने केवळ दोन व्यक्तींवर श्रद्धा ठेवली, धोरणाशी त्याला कर्तव्य नव्हते, असा पूर्वपक्ष मांडला जातो.

हा पूर्वपक्ष निकालांपुढे टिकत नाही. नाथ पै वेंगुर्ल्याचे, तर दंडवते अहमदनगरचे आणि मुंबईत पदार्थविज्ञान शिकवणारे. एकावरची श्रद्धा परगावच्या दुसऱ्याकडे आपोआप जात नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पैंचे निधन झाले म्हणून सहानुभूतीने हे घडले असे म्हणावे, तर १९८४ चे काय? त्या वर्षी इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची सारी सहानुभूती काँग्रेसकडे होती, महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा तिने जिंकल्या, आणि तरीही राजापूरने जनता पक्षाच्या दंडवत्यांनाच निवडले. १९७१ मध्येही काँग्रेसने राज्यातील ४५ पैकी ४२ जागा घेतल्या असताना, देशभरात अवघ्या दोन जागा मिळवणाऱ्या प्रजा समाजवादी पक्षाची एक जागा राजापूरची होती.

सर्वांत निर्णायक पुरावा १९९१ चा आहे. स्वतःच्या मतदारसंघात रुळाचा तुकडाही नसताना दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले होते, आणि ते अर्थमंत्री असताना १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. तरीही पुढच्याच वर्षी मतदारांनी त्यांना नाकारून काँग्रेसचे सुधीर सावंत यांना निवडले. पूजकांकडून असे घडत नाही.

मात्र या पराभवातून समाजवादी विचार तेथून नाहीसा झाला, असा उलट निष्कर्ष काढणेही चूक आहे. एकसदस्यीय मतदारसंघात, म्हणजे जेथून एकच प्रतिनिधी निवडला जातो तेथे, सर्वाधिक मते मिळवणारा विजयी होतो, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. पराभूतांच्या मतांचा संसदेत मागमूस राहत नाही. कोकणात शिवसेना वाढल्यानंतर काँग्रेसविरोधी मते एका ठिकाणी उरली नव्हती. १९९६ पासून चार वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू निवडून आले, त्यामागेही पक्षाच्या लाटेइतकाच संसदेत अभ्यासाने बोलणारा माणूस पाठवण्याचा जुना आग्रह होता, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. गोलकनाथ निकालानंतर, म्हणजे मूलभूत हक्कांना बाधा आणणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवल्यानंतर, घटनादुरुस्तीच्या अधिकाराविषयी खासगी विधेयक मांडणाऱ्या नाथ पैंपासून तो आग्रह या मतदारसंघात रुजला होता.