मांडीवरचा तबला



वेल्ह्याकडच्या एका वाडीतला मुलगा माझ्या वर्गात आहे. नववीला. तास मराठीचा असो की उर्दूचा, त्याची बोटं बाकावर चालूच. आधी मी रागावले. मग एके दिवशी नीट ऐकलं, तेव्हा लक्षात आलं की हा नुसता धिंगाणा नाही. दर सात ठोक्यांनी पोरगा बरोबर पहिल्या जागी परत येत होता. कुठं शिकलास विचारलं, तर म्हणाला, "मोबाइलवर. झाकीर हुसेन यांचं बघून."

गेल्या महिन्यात त्याची आई शाळेत आली. "आपा, पोरगं तबला पाहिजे म्हणून हटून बसलंय. त्याचे अब्बा नको म्हणतात. मौलानांना विचारायची भीती वाटते. तुम्हीच सांगा." तेव्हा मला पटकन काही सुचलं नाही. चहा देऊन तिला परत पाठवलं. या वेळचं सदर म्हणजे तिचं राहिलेलं उत्तर आहे.

बातमी तशी सगळ्यांना ठाऊक आहे. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसला उस्ताद झाकीर हुसेन यांना एकाच रात्री तीन ग्रॅमी मिळाले. एक 'शक्ती' या वाद्यवृंदाच्या 'धिस मोमेंट' या अल्बमसाठी. त्यात आपले शंकर महादेवनही होते. उरलेले दोन चौघांच्या वादनाचे: बेला फ्लेक यांचा बँजो, एडगर मायर यांचा डबल बास, राकेश चौरसिया यांची बासरी आणि उस्तादांचा तबला. मोजके वादक एकमेकांच्या डोळ्यांत बघून वाजवतात, अशा संगीताला तिकडे चेंबर म्युझिक म्हणतात. आपली बैठकच म्हणा ना. या चौघांच्या ज्या रचनेला बक्षीस मिळालं तिचं नाव 'पश्तो'. पश्तो हा सात मात्रांचा ताल आहे. बाकावरचे सात ठोके कुठून आले असतील, ते मला तेव्हा उमगलं.

त्याच वर्षी १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत उस्तादांचा इंतकाल झाला. वय ७३. २०२५ च्या ग्रॅमी सोहळ्यात दिवंगत कलावंतांची चित्रफीत दाखवली, तिच्यात त्यांचं नाव नव्हतं, म्हणून पुष्कळ लोक चिडले. मला त्याचं एवढं वाटलं नाही. तिकडच्या मंडपात नाव घेतलं काय, नाही घेतलं काय.

मला त्या आईला सांगायचंय ते माहीमच्या घराबद्दल. ९ मार्च १९५१ चा त्यांचा जन्म. वडील उस्ताद अल्लारखा, मूळचे जम्मूकडचे, पंजाब घराण्याचे तबलानवाज. बाळ घरी आणल्यावर रिवाजाप्रमाणे वडिलांनी त्याच्या कानात दुआ म्हणायची होती. त्यांनी तबल्याचे बोल म्हटले. आई बावी बेगम नाराज झाल्या. तर ते म्हणाले, हीच माझी दुआ. ही आठवण झाकीरभाई स्वतः पुष्कळदा सांगत. वाचून काहींच्या कपाळावर आठी पडेल. माझ्याही पडली, खोटं कशाला बोलू? पण त्याच घरातलं पोरगं पहाटे तीनला उठून वडिलांसमोर बसायचं, उजाडल्यावर मदरशात कुराण पढायला जायचं आणि तिथून पुढे सेंट मायकल शाळेत. घर, मदरसा, चर्चची शाळा, सगळं माहीमच्या एवढ्याशा टापूत.

बावी बेगमना मुलानं या धंद्यात पडू नये असंच वाटायचं. वाजवणाऱ्यांना त्या काळी कधी पैसे मिळायचे, कधी नुसतं जेवण. ज्या आईला भीती वाटते, तिनं हे लक्षात ठेवावं: तीच भीती त्या घरातही होती. आणि ती चुकीची नव्हती.

बारा-तेरा वर्षांचा झाल्यावर हा मुलगा कार्यक्रमांना गावोगाव जाऊ लागला. आज आपण दौरा म्हणतो तेव्हा विमान डोळ्यांसमोर येतं. २०२३ मध्ये 'शक्ती'ला पन्नास वर्षं झाली म्हणून ते भारत, युरोप, अमेरिका फिरले, तो असाच दौरा. पण पहिले दौरे रेल्वेच्या साध्या डब्यातले. जागा नसली की खाली वर्तमानपत्र अंथरून झोपायचं आणि तबला मांडीवर घ्यायचा, कुणाचा पाय लागू नये म्हणून. पुढे पद्मविभूषण आला, जपानचा क्योटो पुरस्कार आला, मुंबईच्या एनसीपीएच्या सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी 'पेशकार' ही तबल्याची कन्चेर्टो त्यांनी २०१५ मध्ये रचली. हे सगळं मांडीवरच्या त्या तबल्यानंतरचं.

आणि तबला येतो कुठून? मूळ मिरजेचे हरिदास व्हटकर हे १९९८ पासून उस्तादांचे तबले बनवत आले. पुडीचं कातडं, वादीचा ताण, शाईचे थरावर थर, मग तो घोटून घोटून लावलेला सूर. लोक टाळ्या वाजवतात, त्यात मिरजेचा हात असतो. तंतुवाद्यांचंही तसंच. मिरजेचे शिकलगर एके काळी तलवारींना धार लावायचे. हत्यारांची मागणी सरली तेव्हा फरीदसाहेबांसारखे कारागीर सतारीकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्याच दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे, आणि पुण्यात ज्यांच्या नावानं सवाई गंधर्व महोत्सव भरतो ते रामभाऊ कुंदगोळकर त्यांचे शागीर्द. आपल्या लोकांनी या कलेला काय दिलं, ते आपल्याच मुलांना कुणी सांगत नाही. उर्दूच्या पुस्तकात नाही, मराठीच्याही नाही.

आता हराम-हलालचं. मी बी.एड. झालेली बाई आहे, मुफ्ती नाही. फतवा देणार नाही. उलेमांमध्ये या बाबतीत जुना मतभेद आहे. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समावर अख्खा भाग लिहिला, चिश्ती बुजुर्गांनी समा ऐकला, आणि अनेक मोठे उलेमा वाद्यांना साफ मना करतात. ज्याला जे पटतं त्यानं ते प्रामाणिकपणे पाळावं. पण ज्या घरात दिवसभर मोबाइलवर नाचगाणी चालतात, लग्नात डीजेला हजारो रुपये मोजतात, तिथं पोरानं तबला मागितला की दीन आठवतो, हे मला कळत नाही.

तर बाई, माझं म्हणणं असं. मौलानांना विचारा, घाबरू नका. पण मुलाला सोबत न्या. त्याला शिकवायचं ठरलं तर मोबाइल पुरणार नाही, समोर गुरू लागेल. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देता येतात. शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव गुण दहावीला मिळतात, हे त्याच्या अब्बांना जरूर सांगा. नमाज आणि अभ्यास सांभाळून पहाटेचा एक तास तो उठतो का, ते महिनाभर बघा. नाही उठला, तर तबल्याचे पैसे वाचले.

रमजान आहे, सहरीला तर सगळं घर उठतंच. ईदनंतर मी वाडीवर येते, अब्बांशी मीच बोलेन. मुलाला वर्गात सांगून ठेवलंय, तोवर बाकावर नको, मांडीवर वाजव. त्याचा आवाज होत नाही.