सहाव्या वर्षाची वाट कशाला?

जून उजाडला की शहरातील घराघरांत दप्तरे, छत्र्या आणि गणवेश यांची एकच धांदल उडते. पहिलीच्या वर्गात नव्या मुलांची हजेरी लागते आणि थोड्याच दिवसांत एखाद्या आईला शाळेतून बोलावणे येते. मूल लक्ष देत नाही, विचारले तर उत्तर देत नाही, इतरांत मिसळत नाही! आईला यात नवीन काहीच नसते. तिच्या मनात ही शंका चार वर्षांपूर्वीच डोकावलेली असते. पण तेव्हा वडीलधाऱ्यांनी तिची समजूत घातलेली असते, "याचा बापही उशिराच बोलला. होईल सारे आपोआप." त्या एका 'आपोआप'पायी मुलाच्या आयुष्यातील सर्वांत मोलाची चार वर्षे हातची जातात. निवडणूक नाही, अंदाजपत्रक नाही, तरी हा विषय आम्ही पहिल्या पानावर घेतला तो याचसाठी.

दोष केवळ आजी-आजोबांचा नव्हे. पत्रव्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळामास्तर होतो. मागल्या बाकावरील एका मुलास आम्ही वर्षभर 'ढ' समजत होतो. हाक मारली तरी तो मान वर करीत नसे. आम्हांस तो उद्धटपणा वाटे आणि त्याची शिक्षाही त्याला मिळे. त्याला नीट ऐकूच येत नव्हते, हे पुढे कळले. त्या शिक्षेची टोचणी आजही आमच्या मनातून गेलेली नाही.

शास्त्राने याबाबतीत संदेह ठेवलेला नाही. मेंदूची वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांत जितक्या वेगाने होते तितकी पुढे कधीच होत नाही. म्हणूनच बाळाच्या श्रवणाची चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचारांना आरंभ सहाव्या महिन्यापर्यंत व्हावा, असा दंडक तज्ज्ञांनी घालून दिला आहे. नवव्या महिन्यात मूल आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षाचे होऊन चालत नसेल, दोन वर्षांचे होऊन दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर त्याची तपासणी झालीच पाहिजे.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच पालघरला झाला. जन्मजात व्यंगांपासून विकासातील विलंबापर्यंतचे दोष हुडकावेत आणि मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी ही योजना. पण तिची फिरती पथके जातात अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत. खासगी बालवर्गात जाणारे मध्यमवर्गीय मूल त्यांच्या दृष्टीस पडतच नाही! कायद्याचेही तेच. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा मोफत शिक्षणाचा हक्क देतो तो सहाव्या वर्षापासून. सहा वर्षांखालील बालकांसाठी राज्यघटनेच्या ४५ व्या कलमात आहे ते केवळ 'प्रयत्न करील' एवढे आश्वासन. गरज सर्वांत तीव्र असते तेव्हाच हक्क सर्वांत दुबळा, हा कोठला न्याय?

आता मुख्य मुद्दा. निदान झाले की मुलाला आठवड्यातून दोनदा तासभर तज्ज्ञाकडे न्यावे आणि आईने बाहेरच्या बाकड्यावर बसून राहावे, ही आपली रूढ कल्पना. साधा हिशेब करून पाहा. लहान मूल आठवड्यात सुमारे ऐंशी तास जागे असते. त्यांतले दोन तज्ज्ञाचे, उरलेले अठ्ठ्याहत्तर घरचे! तेव्हा तज्ज्ञाने मुलाइतकेच घराला शिकविले पाहिजे. आंघोळ घालताना अवयवांची नावे घेणे, मूल मागेल तोवर पेला क्षणभर हातात धरून ठेवणे, मटार सोलताना एक दाणा त्याला उचलू देणे, हीच खरी उपचाराची साधने होत. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील पोर्टेज गावी १९६९ साली याच पद्धतीने काम सुरू झाले. शिक्षकाने घरी जावे, आईबापांबरोबर पुढच्या आठवड्याचे उद्दिष्ट ठरवावे, असा तो क्रम. आपल्यालाही हे परके नाही. १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचे कार्य मांडले, ते अनुताई वाघ यांच्यासह पाड्यावरच्या अंगणात नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा धडा या भूमीतलाच आहे.

मात्र 'घर' म्हणजे एकटी आई नव्हे. मुलात उणीव आढळताच आईच्या गरोदरपणातील चुका शोधणे ही आपल्या समाजातील क्रूर खोड आहे. तिच्यावर आधी दोष आणि मग सारा भार टाकायचा असेल, तर त्याला कुटुंबाचा सहभाग म्हणणे ही थट्टा होय. बापाने रोज अर्धा तास काढावा. कचेऱ्यांनी अशा आईबापांना तपासणीच्या दिवशी सवलत द्यावी.

महापालिकेकडे आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. प्रत्येक प्रसूतिगृहात, खासगी असो वा सरकारी, बाळाच्या श्रवणाची चाचणी व्हावी. खासगी बालवर्गही तपासणीच्या कक्षेत यावेत. आणि घरोघर जाऊन शिकविणारे प्रशिक्षित सेवक पुऱ्या वेतनावर नेमले जावेत; आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या डोक्यावर आणखी एक ओझे लादून हे काम होणार नाही. या केंद्रांच्या यशाचे मोजमाप 'किती मुले तपासली' यावर न होता, वर्षभराने किती घरे अद्याप केंद्राशी बांधलेली आहेत यावर व्हावे.

पालकांना आमचे सांगणे इतकेच. शंका आली तर जूनची वाट पाहू नका. आज डॉक्टरांकडे जा. शंका खोटी ठरली तर एक हेलपाटा वाया जाईल. खरी असूनही आपण घरी बसून राहिलो, तर वाया जाणारी वर्षे मुलाची असतील, आणि ती परत आणून देणारा वैद्य अद्याप जन्मलेला नाही.