रानातील तळ आणि तक्रारीची वाट

गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत पसरलेला नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प २०१३ साली अस्तित्वात आला. अशा अरण्यांत अभ्यासासाठी मुक्काम करणाऱ्यांत आता मुलीही असतात. श्वापदांपासून कसे जपावे, हे त्यांना सांगितले जाते. सहकाऱ्याचाच उपद्रव झाल्यास जावे कोठे, हे सांगितले जातेच असे नाही.

नागझिऱ्याहून कितीतरी दुर्गम अशा अंटार्क्टिकावर नागपूरच्या अदिती पंत १९८३ च्या भारतीय मोहिमेतून गेल्या. स्त्रियांना तळाचे दार उघडले. पण तेवढ्याने तळ सुरक्षित होत नाही. अमेरिकेच्या अंटार्क्टिक तळांवरील लैंगिक छळाची व्याप्ती २०२२ च्या अधिकृत अहवालाने उघड केली. दुर्गम तळावर जीप, शिधा आणि शिफारसपत्र ज्याच्या हाती, त्याच्याचकडे गाऱ्हाणे न्यावे लागते, हे खरे दुखणे आहे.

२०१३ च्याच कायद्याने त्यावर तोड दिली आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तालुक्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने ती सात दिवसांत समितीकडे पोचवावयाची असते. या अधिकाऱ्याचे नाव प्रत्येक तळाच्या भिंतीवर लागावे आणि त्याच्यापर्यंत जाण्याचे वाहन तळप्रमुखाच्या मर्जीवर नसावे. एवढे झाले, तर कोणा मुलीला अभ्यास अर्धा टाकून परतावे लागणार नाही.