दारात अडवाल, तर दाराशीच उभे राहू

समलिंगी जोडप्याला खोली वा टेबल नाकारणाऱ्या व्यवसायासमोर शांततेने निदर्शने करणाऱ्यांच्या पाठीशी आम्ही ठामपणे उभे आहोत.

आगाऊ आरक्षण झालेले, दोन आधारकार्डे काउंटरवर ठेवलेली, आणि उत्तर मिळते: ‘खोली शिल्लक नाही.’ घटनेचे कलम १५ दुकाने, उपाहारगृहे, हॉटेलांतील लिंगाधारित भेदभावास मनाई करते. त्यातील ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कलही येतो, असे तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ वरील सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालात नमूद आहे. तृतीयपंथीयांना सेवा नाकारण्यास २०१९ चा कायदा मज्जाव करतो. समलिंगींसाठी तसा स्पष्ट कायदा नाही. त्यामुळे फलक घेऊन फुटपाथवर उभे राहणे, एवढाच मार्ग अनेकांना उरतो. तोही निदर्शनाच्या परवानगीच्या कागदात अडकला, तर अपमान गिळून परत फिरावे लागेल.

पोलिसांनी निदर्शकांना संरक्षण द्यावे. संसदेने भेदभावविरोधी कायदा येत्या अधिवेशनातच आणावा.