रीतसर आलेल्यांची मुले: अमेरिकी खासदार श्री ठाणेदार यांना खुले पत्र

प्रिय ठाणेदारसाहेब,



बेळगावात वाढलेले तुम्ही १९७९ साली शिकायला अमेरिकेत गेलात आणि १९८८ साली तिथले नागरिक झालात. नऊ वर्षं! आज एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या मराठी इंजिनिअरला एवढ्या काळात ग्रीन कार्डही मिळत नाही. नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, त्यातच बायकामुलं मोजायची आणि एका देशाला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांची मर्यादा. आइसलँडला जे माप, तेच भारताला.

या रांगेत आईबाप म्हातारे होतात ते होतातच, पण मुलं २१ वर्षांची होतात आणि त्यांचा आईबापांवर अवलंबून असलेला एच-फोर व्हिसा संपतो. वयाच्या तिसऱ्या वर्षी तिकडे गेलेल्या, आजीशी फोनवर बोलण्यापुरतंच मराठी येणाऱ्या मुलीने मग परदेशी विद्यार्थिनी म्हणून एफ-वन घ्यायचा, नाहीतर देश सोडायचा. दीप पटेल या तरुणाच्या ‘इम्प्रूव्ह द ड्रीम’ संघटनेतली मुलं यासाठीच खासदारांचे उंबरे झिजवतात. त्यांच्यासाठी २०२१ साली मांडलेलं ‘अमेरिकाज चिल्ड्रन ॲक्ट’ हे विधेयक तेव्हा पुढे सरकलंच नाही.

लहानपणी आलेल्या, कागदपत्रं नसलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणाऱ्या ओबामांच्या ‘डाका’ कार्यक्रमाचाही त्यांना उपयोग नाही. १५ जून २०१२ रोजी कायदेशीर दर्जा नसलेल्यांनाच तो लागू. आईबापांनी कागदपत्रं जपली, म्हणून मुलं बाहेर! अर्थात डाका मिळालेल्यांनाही नागरिकत्व नाहीच, फक्त दोन-दोन वर्षांची मुदत.

विधेयकाचं राजकारण तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं. माझी विनंती वेगळी आहे. ‘आम्ही रीतसर आलो, ते घुसले’ हे वाक्य आपल्या लोकांच्या तोंडी फार सहज येतं (इकडे पुण्यात बसलेल्या त्यांच्या आईबापांच्याही). पण कागदपत्रांविना तिथे वाढलेल्या मुलांसाठीच्या ‘ड्रीम ॲक्ट’ या विधेयकासाठी २०१० साली चार विद्यार्थी मायामीहून वॉशिंग्टनपर्यंत दीड हजार मैल चालले. त्याच वर्षी सिनेटमध्ये ५५ विरुद्ध ४१ मतं पडूनही ते अडलं, कारण ६० हवी होती. जिथे वाढलो तिथे राहू द्या, हीच त्यांची मागणी होती. आपल्या मुलांची काय निराळी आहे?

तिकडच्या मराठी मंडळींच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात तुम्हाला बोलावणं येईलच. शाल-श्रीफळ झालं, की विशीतल्या एच-फोरवाल्या मुलीला माइक द्या आणि तिच्या शेजारी तुमच्या डेट्रॉइटमधल्या एखाद्या डाकावाल्या मुलालाही उभं करा. काही देणगीदार रुसतील. रुसू देत.



आपला,
एक मराठी वाचक, पुणे